तासाला पंधरा रुपये

गावातलं पाळणाघर बंद पडलं तर त्याची बातमी होत नाही. पण त्या दिवसापासून कुणाची शाळा सुटते, कुणाची मजुरी बुडते. हा विषय 'आयाबायांचा' म्हणून सोडून देऊ नका. तो आपलाही आहे.

मागच्या दिवाळीत गावी गेले होते. हॉस्टेलची बॅग ओट्यावर टेकवतेय तोवर चुलत बहीण समोर आली. सहावीतली पोरगी. कडेवर दीड वर्षाचा भाऊ, एका हातात त्याची वाटी. गप्पा मारता मारता विचारलं, ''सुट्टी संपली की सहामाहीचा निकाल ना गं? किती पडतील?'' ती हसली. म्हणाली, ''ताई, मी अधूनमधूनच जाते आता. याला कोण बघणार? पाळणाघर बंद झालं ना.''

आमच्या गावात समाजमंदिराच्या मागच्या खोलीत एक पाळणाघर होतं. तालुक्यातली एक छोटी संस्था ते चालवायची. एक ताई, एक मदतनीस, वीस-बावीस पोरं. सकाळी आया खुरपणीला, वेचणीला जाताना मुलाला तिथं सोडायच्या आणि दिवस कलला की घेऊन जायच्या. खिचडी, उसळ, दुपारची झोप, गाणी. फार काही भारी नव्हतं, पण मूल सुरक्षित होतं आणि उपाशी नव्हतं.

पावसाळ्यात ते बंद झालं. कारण विचारलं तर ताई म्हणाल्या, ''किती महिने उधारीवर चालवायचं, सांग. दुकानदार तरी कुठवर थांबणार?'' गॅस त्यांनी कितीदा तरी घरचा आणला होता. मोर्चा नाही, निवेदन नाही, पेपरात दोन ओळी नाहीत. दाराला कुलूप लागलं, एवढंच.

तुम्ही म्हणाल, एका गावातली एक खोली बंद झाली, त्यात काय एवढं? मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग मी जरा कागद चाळले, आकडे बघितले. आणि लक्षात आलं की नवल बंद पडण्याचं नाहीच. नवल हे की अशी पाळणाघरं इतकी वर्षं चालली कशी!

चला, हिशेब मांडू

नोकरी करणाऱ्या, मजुरीला जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची पाळणाघर योजना जुनी आहे. २००६ पासून ती राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना म्हणून ओळखली जायची. २०१७ मध्ये तिचे नियम बदलले. पाळणाघर महिन्याचे २६ दिवस आणि रोज साडेसात तास उघडं राहिलं पाहिजे. एका पाळणाघरात २५ मुलं. सांभाळणाऱ्या ताईला महिना ३,००० रुपये आणि मदतनीस बाईला १,५०० रुपये मानधन.

आता मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा. २६ गुणिले साडेसात म्हणजे १९५ तास. तीन हजार भागिले १९५. उत्तर येतं १५ रुपये ३८ पैसे. तासाला पंधरा रुपये! आणि मदतनीस बाईला? तासाला आठ रुपयेसुद्धा नाहीत. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये आपण जेवढ्यात एक वडापाव खातो, तेवढ्यात एक बाई तासभर पंचवीस पोरांची शी-शू काढणार, त्यांना भरवणार, झोपवणार, पडलं-झडलं तर उचलून घेणार.

याच बाईनं पाळणाघर सोडून रोजगार हमीच्या कामावर माती उचलली असती तर? २०२५-२६ साठी महाराष्ट्रात तो दर दिवसाला ३१२ रुपये होता. २६ दिवसांचे आठ हजारांच्या वर. मातीला जास्त भाव आणि मुलाला कमी, असा हा सरळ हिशेब आहे.

बरं, हे पैसे तरी कसे यायचे? शंभरातले ६० केंद्राचे, ३० राज्याचे आणि उरलेले १० संस्थेनं स्वतः उभे करायचे. ऐकायला दहा टक्के किरकोळ वाटतात. पण गावातल्या छोट्या संस्थेकडे ना शहरातले देणगीदार, ना इंग्रजीत प्रस्ताव लिहिणारा माणूस. पालकांकडून घ्यायची फीसुद्धा ठरवून दिलेली. दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या मुलामागे महिना २० रुपये. सगळीच्या सगळी २५ मुलं अशा घरांतली असली तर महिन्याचे झाले ५०० रुपये. यातून भाडं द्यायचं, की वीजबिल भरायचं, की फाटलेल्या सतरंज्या बदलायच्या?

''मग फी वाढवा की,'' असं आपल्यातलं कुणीतरी म्हणणारच. वाढवून बघा. दिवसाच्या मजुरीवर घर चालवणारी आई महिना ५०० रुपये देणार नाही. ती पोराला बांधावर झोळीत टाकेल, नाहीतर मोठ्या मुलीची शाळा बुडवेल. म्हणजे ज्यांच्यासाठी पाळणाघर काढलं तीच मुलं बाहेर. गावातल्या पाळणाघराचं दुखणं हेच आहे. ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांच्याकडेच द्यायला पैसे नाहीत. म्हणून ते बाजाराच्या भरवशावर चालूच शकत नाही.

त्यात सरकारी पैशाची आपली एक चाल असते. आधी खर्च करा, पावत्या जोडा, विनियोग प्रमाणपत्र द्या, मग पुढचा हप्ता. मधल्या काळात संस्थेनं काय करायचं? मोठ्या संस्थेकडे शिल्लक असते, ती सहा महिने तग धरते. छोट्या संस्थेची शिल्लक म्हणजे ताईंचं घर. त्यांची भिशी, त्यांचं मंगळसूत्र, त्यांची किराणा दुकानातली पत.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१४-१५ च्या सुमारास या योजनेतली २० हजारांहून जास्त पाळणाघरं देशभर चालू होती. २०२० च्या सुरुवातीला ती साडेसहा हजारांच्या आसपास उरली. २०२२ मध्ये 'मिशन शक्ती'खाली योजनेला 'पाळणा' असं नवं नाव मिळालं, आणि अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर काढायचं ठरलं. कल्पना चांगली आहे. उद्दिष्ट १७ हजार अंगणवाड्यांचं. देशात अंगणवाड्या किती? जवळपास १४ लाख. म्हणजे शंभरातली एक किंवा फार तर सव्वा.

'अंगणवाडी आहे ना!'

हा प्रश्न मला माझ्या वर्गातल्या शहरी मैत्रिणीनं विचारला. रास्त आहे. अंगणवाडी आहेच, आणि ती नसती तर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. पण अंगणवाडीत येऊन बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं, तीही दिवसातले काही तास. तीन वर्षांखालच्या बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, वजन होतं, लसीची तारीख सांगितली जाते. त्याला दिवसभर सांभाळणं हे अंगणवाडीचं काम नाही. आई सकाळी सातला घर सोडते आणि दिवेलागणीला परत येते. मधल्या वेळात दीड वर्षाचं मूल कुणाकडे? उत्तर तुम्हाला माहीत आहे. आजी असेल तर आजीकडे. आजीही मजुरीला जात असेल तर ताईकडे. ती ताई म्हणजे माझ्या चुलत बहिणीसारखी कुणीतरी.

आणि अंगणवाडीची तरी परिस्थिती काय? मुलांच्या पूरक आहारासाठी दर दिवशी दर मुलामागे ८ रुपये हा दर २०१७ मध्ये ठरला. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हा दर वाढवण्याची घोषणा झाली. पण मधली सात-आठ वर्षं आठवून बघा. तेलाचा डबा, तूरडाळ, गॅसची टाकी यांचे भाव काय होते आणि काय झाले? आठ रुपयांत आज धड एक अंडं येतं. बऱ्याच गावांत हा आहार शिजवतात बचत गटाच्या बाया. बिल अडकलं की त्यांचीही उधारी सुरू.

सेविकांचं म्हणाल तर त्यांना 'पगार' मिळत नाही, 'मानधन' मिळतं. शब्द नीट बघा. पगार हक्काचा असतो. मानधन म्हणजे मान राखून दिलेलं काहीतरी. महाराष्ट्रातल्या सेविकांचं मानधन २०२३ मध्ये ८,३२५ वरून १०,००० रुपये झालं. त्यांनी त्याच वर्षीच्या ४ डिसेंबरपासून जवळपास दोन महिने संप केला, आणि नंतर ते आणखी वाढलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचं सांगितलं. म्हणजे जे मिळालं ते भांडून मिळालं. अंगणवाडीच्या बायांची निदान संघटना आहे, त्या आझाद मैदानावर बसू शकतात. समाजमंदिरामागच्या एका खोलीतल्या दोन बाया कुठल्या मैदानावर बसणार?

देणगी भिंतीला मिळते, बाईला नाही

''मग सीएसआर आहे ना!'' असंही कुणी म्हणेल. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले, हे खरंच. पण कंपनीला काय आवडतं? रंगवलेली भिंत, नवी घसरगुंडी, टॅब, फोटो. एक वर्षाचा, फार तर तीन वर्षांचा प्रकल्प. दर महिन्याला एका बाईचा पगार द्या, असं म्हटलं की समोरचा माणूस विचारतो, ''यात इम्पॅक्ट काय?'' अहो, ती बाई हाच इम्पॅक्ट आहे! घसरगुंडी मुलाला भरवत नाही.

आणखी एक वाट होती, तीही अरुंद झाली. परदेशातून देणगी घेणाऱ्या मोठ्या संस्था त्यातला काही भाग गावातल्या छोट्या संस्थांकडे द्यायच्या. २०२० मध्ये एफसीआरए कायदा बदलला. परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पैशाचा गैरवापर थांबवावा यात वाद नाही. पण ज्या संस्थेकडे स्वतःची नोंदणी, ऑडिटर, वकील हे काहीच नाही, तिच्यापर्यंत येणारा पाझर आटला, हेही तितकंच खरं.

ही कल्पना आपल्याच मातीतली

यात वाईट कशाचं वाटतं सांगू? 'अंगणवाडी' हा शब्द आणि त्यामागचा विचार महाराष्ट्रातला आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. वाड्यावरची गरीब मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी अनुताईंनी आयुष्य घालवलं. तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली.

पण आपण त्या दोघींकडून एक चुकीची गोष्ट उचलली. त्यांचा त्याग उचलला आणि त्यालाच योजना बनवून टाकलं. एक-दोन असामान्य बायांनी पोटाला चिमटा घेऊन काम केलं, म्हणून गावोगावच्या बायांनी तसंच करावं, असं आपण गृहीत धरलं. 'सेविका', 'मदतनीस', 'मानधन' हे सगळे शब्द एकच गोष्ट सांगतात. हे काम नाही, सेवा आहे. आणि सेवेचे पैसे मागायचे नसतात!

कायद्याची भाषाही अशीच हात आखडता घेणारी. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळा द्यायचीच, हे बंधन. तीन ते सहाच्या मुलांसाठी मात्र सरकार व्यवस्था 'करू शकेल'. करीलच असं नाही. आणि तीन वर्षांखालच्या बाळाचं तर त्यात नावही नाही. ज्याला कायद्यात हक्क नाही, त्याचा निधी सगळ्यात आधी कापला जातो.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे हा खर्च 'कल्याणकारी' आहे असं म्हणणं सोडू. गावात रस्ता झाला की माल बाजारात जातो. पाळणाघर असलं की आई कामावर जाते आणि मोठी बहीण शाळेत. दोन्ही सारख्याच गरजेचे. रस्त्याला कुणी म्हणत नाही की दहा टक्के तुम्ही गोळा करा आणि मुकादमाला मानधनावर ठेवा.

दुसरं, पैसा गावाजवळ आहे का ते बघू. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. तुमच्या गावात ते कशावर खर्च झाले, विचारलंय कधी? शिलाई मशीन? हळदीकुंकवाचा मांडव? रोजगार हमीच्या कायद्यातही लिहिलं गेलं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं येत असतील, तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. शेजारच्या कर्नाटकनं याच विचारातून २०२३ मध्ये 'कूसिन मने' नावानं चार हजार ग्रामपंचायतींत पाळणाघरं काढायची घोषणा केली. मूल सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, हे त्यांनी निदान मान्य केलं. आपल्याकडे तर रोजगार हमीच मुळात जन्मली. मग आपल्याला हे का सुचू नये? ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचा विचार करा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, पण त्या कोयत्याबरोबर आलेलं तान्हं पोर फडात, पाचटावर, ट्रॅक्टरच्या सावलीत झोपतं. त्याचा हिशेब ना मुकादमाच्या वहीत, ना कारखान्याच्या.

तिसरं, आपण. 'आपण विद्यार्थी, आपल्याकडे पैसे कुठे?' मान्य. पण आपल्याकडे दोन गोष्टी आहेत, हिशेब आणि आवाज. दर हिवाळ्यात एनएसएसचं शिबिर होतं. सात दिवस आपण गावात जातो, रस्ता झाडतो, पथनाट्य करतो, निरोप समारंभात रडतो आणि परत येतो. त्यातला एक दिवस पाळणाघराच्या, बालवाडीच्या ताईसोबत बसा. तिची वही बघा. किती महिन्यांचे पैसे बाकी आहेत, किती उधारी आहे, तिनं घरातून किती घातलेत, हे एका कागदावर उतरवा. कॉमर्सवाल्यांनो, ताळेबंद तुमचा. बीएसडब्ल्यूवाल्यांनो, अर्ज तुमचा. त्या ताईला विनियोग प्रमाणपत्र वेळेवर भरून दिलंत तरी कदाचित एक हप्ता लवकर सुटेल. हे शंभर चॉकलेटं वाटण्यापेक्षा मोठं काम आहे.

आणि गावात नाव मतदार यादीत असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सभासद आहात. कुणाच्या परवानगीची गरज नाही. आपण तिथं जात नाही, कारण ती 'मोठ्यांची' वाटते. अठरा पूर्ण झालेत म्हणजे मोठे आपणच की!

मला एक गोष्ट अजून सांगायची आहे, जरा अवघड जाते सांगायला. मी तीन वर्षांची होते तेव्हा आई वेचणीला जायची, आणि त्याच खोलीत दुसऱ्या एका ताई मला सांभाळायच्या. म्हणून माझ्या मोठ्या बहिणीला मला कडेवर घेऊन घरी बसावं लागलं नाही. ती शिकली, नर्स झाली. तिच्या पगारावर आज माझी फी जाते. आमच्या घरातली दोन शिक्षणं त्या एका खोलीनं सोसली आहेत, आणि त्या ताईंना तेव्हा काय मिळत होतं हे मी परवापर्यंत कधी विचारलंही नव्हतं.

तुमच्याही घरात अशी एखादी खोली, एखादी ताई असेल. आईला विचारून बघा.

येत्या २६ जानेवारीला मी गावी जाणार आहे. ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारणार आहे. दहा टक्के निधी यंदा कशावर खर्च झाला? समाजमंदिरामागच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे? आणि ती उघडून एका बाईला दिवसाची पूर्ण मजुरी द्यायची तर महिना किती लागतील? तिसऱ्याचं उत्तर मी वहीत काढून नेतेय. चुलत बहिणीलाही सोबत नेणार आहे, कडेवरच्या भावासकट. म्हणजे विषय कशाचा आहे, हे कुणाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.